ह्युबर्ट सेसिल बूथ : धूळ ओढून नेणारा अभियंता

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे कापडाचे गाव आहे. मोगलांच्या काळात खानदेश सुभ्याचा कारभार येथून चाले, मुमताजमहल १६३१ साली येथेच निवर्तली, आणि तलम सुती कापड येथून इराण, अरबस्तान, तुर्कस्तानापर्यंत जात असे. ते वैभव सरले तरी माग थांबले नाहीत. आज यंत्रमागाच्या खडखडाटावर या शहरातील असंख्य घरांची चूल पेटते. जेथे कापूस तेथे तूस, आणि जेथे तूस तेथे धूळ. सोफ्याच्या शिवणीत, दिवाणाच्या गादीत, गाडीच्या बैठकीत ती रोजच्या रोज उतरते आणि घामाच्या ओशटपणाशी एकजीव होऊन बसते. अशा गावात कोणी होतकरू तरुण घरोघरी जाऊन सोफे धुऊन देण्याचा धंदा सुरू करू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न यंत्राचा असतो. कापडावर पाण्याचा फवारा मारून ते मळासकट परत ओढून घेणारे, एका माणसाला जिना चढवता येईल असे एक्स्ट्रॅक्शन मशीन त्याला हवे असते. दुकानदार त्याच्यापुढे ओढीचे इंच, पंपाचा दाब, टाकीचे लिटर असे आकडे मांडतो. त्या आकड्यांच्या मुळाशी जो विचार आहे तो १९०१ साली लंडनमधील एका तरुण अभियंत्याने सिद्ध करून दाखविला. त्याचे नाव ह्युबर्ट सेसिल बूथ.

बूथ यांचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे झाला. वडील इमारती लाकडाचे व्यापारी होते. शालेय शिक्षण गावातच आटोपून १८८९ साली ते लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात दाखल झाले आणि प्राध्यापक अन्विन यांच्या हाताखाली स्थापत्य व यंत्र अशा दोन्ही शाखांचे शिक्षण त्यांनी घेतले. १८९२ च्या अखेरीस लॅम्बेथ येथील मॉडस्ले, सन्स अँड फील्ड या जहाजांची इंजिने बांधणाऱ्या जुन्या, नामांकित कारखान्यात त्यांना आरेखनाचे काम मिळाले. युद्धनौकांच्या इंजिनांपासून सुरुवात झालेली ही नोकरी लवकरच एका निराळ्याच वळणावर गेली. त्या काळी युरोपातील शहरांना आकाशपाळण्यांचे वेड लागले होते. ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस येथील अजस्र चक्रांच्या आराखड्यांत बूथ यांचा हात होता. त्यांपैकी व्हिएन्नाचे १८९७ चे चक्र दुसऱ्या महायुद्धात जळाले, निम्म्याच डब्यांनिशी पुन्हा उभे राहिले आणि अद्याप फिरते आहे. सुमारे पासष्ट मीटर उंचीचे चक्र वाऱ्यात डगमगणार नाही असे बेतणाऱ्या माणसाला पुढे जगाने ओळखले ते मात्र गालिच्यातील धुळीमुळे.

प्रसंग १९०१ सालचा. लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन शोधकाने सफाईचे नवे यंत्र दाखविण्याचा कार्यक्रम ठेवला होता. पेटीसारख्या त्या यंत्रातून दाबलेली हवा गालिच्यावर दोन बाजूंनी सोडली जाई आणि उडालेली धूळ मधल्या पेटीत जाऊन बसावी अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात थोडी धूळ पेटीत जाई, बरीच दालनात पसरे आणि काही वेळाने जेथून उठली तेथेच येऊन बसे. आपल्याकडे अंगणात गालिचा टांगून काठीने बडवतात, त्यातही हेच घडते. बूथ यांनी त्या गृहस्थांना विचारले की हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही. शोधक चिडला; ते अशक्य असल्याचे सांगून त्याने पाठ फिरविली.

बूथ यांच्या मनातून विषय गेला नाही. काही दिवसांनी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात मित्रमंडळींसह बसले असताना त्यांनी खुर्चीच्या मखमली पाठीवर तोंड टेकवले आणि जोराने श्वास आत ओढला. जीव गुदमरून खोकल्याची उबळ आली. मग मध्ये हातरुमाल धरून पुन्हा ओढले, तेव्हा रुमालाच्या पलीकडच्या बाजूस काळा डाग उमटला. प्रयोग एवढाच. त्यात दोन गोष्टी सिद्ध झाल्या : कापडात रुतलेली धूळ ओढीने बाहेर येते, आणि हवा जाऊ देणारे पण धूळ अडवणारे कापड मध्ये धरले की ती तेथे अडकून राहते. गालिचा नव्हे, तर गादीदार खुर्ची हे या शोधाचे जन्मस्थान आहे, ही बाब सोफे साफ करणाऱ्यांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

येथे थोडे थांबून या ओढीचा अर्थ पाहिला पाहिजे, कारण यंत्र निवडताना बहुतेकांची फसगत येथेच होते. यंत्र खरे तर काहीच खेचत नाही. ते आपल्या पोटातील हवा काढून टाकते, आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब कापडातून हवा, धूळ, पाणी आत लोटतो. ही ढकल किती, हे पाण्याचा स्तंभ किती उंच उचलला जातो यावरून मोजतात; ओढीचे इंच म्हणतात ते हेच. पूर्ण निर्वात पोकळी साधली तरी पाणी सुमारे १०.३ मीटर, म्हणजे चारशेहून थोडे अधिक इंच, एवढेच चढेल. त्यापुढे कोणाचेच यंत्र जाऊ शकत नाही. एका मोटारीच्या लहान एक्स्ट्रॅक्शन मशीनला शंभर इंचांच्या आसपासचा आकडा सामान्य आहे. पण तो आकडा नळीचे तोंड पूर्ण बंद केल्यावरचा असतो. तोंड कापडावर टेकवून काम चालू असताना किती हवा वाहते हा दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा, कारण ओढ पाण्याला कापडातून सोडवते आणि वाहती हवा ते टाकीपर्यंत नेते. दोन मोटारी एकीमागे एक जोडल्या तर ओढ वाढते, शेजारी शेजारी जोडल्या तर हवा वाढते. दोन मोटारी आहेत एवढ्यावर समाधान न मानता त्या कशा जोडल्या आहेत हे विचारणारा गिऱ्हाईक दुकानदाराला क्वचितच भेटत असावा.

बूथ यांनी १९०१ मध्येच पेटंट घेतले आणि पुढे ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनी स्थापन केली. सक्शनची कल्पना त्यांच्याआधी कोणालाच सुचली नव्हती असे मात्र नव्हे. शिकागोच्या मॅकगॅफी यांनी १८६९ मध्येच हाताने फिरवण्याचे एक यंत्र पेटंट केले होते. परंतु एका हाताने चक्र फिरवत दुसऱ्या हाताने यंत्र ढकलायचे, तर ओढ येणार कोठून? बूथ यांनी त्या कामाला इंजिनाचे बळ दिले. त्यांचे पहिले यंत्र पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा पंप होता, आणि तो एवढा मोठा की घोडागाडीवर लादून रस्त्याने न्यावा लागे. गाडी घरासमोर उभी राही, शेकडो फूट लांबीच्या नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात आणि गणवेशातील माणसे एकेक खोली साफ करीत. बूथ यंत्र विकत नसत, सफाईची सेवा विकत. आजच्या भाषेत बोलायचे तर सोफे आणि गालिचे साफ करून देणारा पहिला व्यावसायिक कंत्राटदार म्हणजे हेच गृहस्थ.

धंद्याची नाडी त्यांना चांगली कळली होती. नळीचा काही भाग त्यांनी काचेचा केला, म्हणजे आपल्या गालिच्यातून काय निघते आहे ते घरमालकाला डोळ्यांनी दिसावे. परिणाम असा झाला की लंडनच्या श्रीमंत घरांतील स्त्रिया सफाईच्या दिवशी मैत्रिणींना चहाला बोलावू लागल्या आणि नळीतून वाहणारी धूळ हा त्या मेजवानीचा देखावा ठरला.

परंतु रस्त्यावर उभे असलेले ते धडधडणारे धूड सर्वांनाच रुचले नाही. भाड्याच्या गाड्यांचे घोडे बुजत, नुकसानीचे दावे होत, आणि सार्वजनिक रस्त्यावर असले यंत्र चालवण्याचा अधिकारच काय असा सवाल पोलीस करीत. प्रकरण कोर्टात गेले आणि कंपनीला रस्त्यावर यंत्र चालवण्याचा हक्क आहे असा निर्वाळा मिळाला. तरीही लोकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. मोठा आवाज करणारे यंत्र आजही गिऱ्हाइकाला नकोसे असते; दाट वस्तीच्या गल्लीत, वर खाली चार बिऱ्हाडे असलेल्या घरात दुपारच्या वेळी ते लावून पाहावे, म्हणजे बूथ यांच्या शेजाऱ्यांचे दुःख समजेल.

कंपनीचे भाग्य उजळले ते राजवाड्यामुळे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ऑगस्ट १९०२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत व्हायचा होता. सिंहासनाखालचा निळा गालिचा मळलेला असल्याचे ऐनवेळी ध्यानात आले आणि तो उचलून धुण्याइतका अवकाश नव्हता. बूथ यांच्या माणसांनी तो जागेवरच साफ केला. ही वार्ता राजाच्या कानी गेली, बकिंगहॅम राजवाड्यात प्रात्यक्षिक झाले आणि तेथे व विंडसरला एकेक यंत्र बसविण्यात आले. टांकसाळीच्या सफाईनंतर माणसे परत निघाली तेव्हा त्यांच्या धुळीत चांदीची पूड सापडल्याने पोलिसांनी त्यांना अडविले, अशीही हकिकत सांगतात. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या नौदलाच्या शिपायांत तापाची साथ पसरली, तेव्हा बूथ यांची पंधरा यंत्रे तेथे लावण्यात आली आणि सव्वीस टन धूळ बाहेर काढली गेली असा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो. घरातली धूळ हा केवळ टापटिपीचा नव्हे तर आरोग्याचा प्रश्न आहे, ही जाणीव समाजात रुजविण्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

बूथ यांच्या कर्तृत्वाची मर्यादाही येथेच दिसते. त्यांनी तत्त्व बरोबर ओळखले, पण ते घोडागाडीवर ठेवले. १९०६ च्या सुमारास त्यांच्या कंपनीने विजेवर चालणारे, चाकांवरचे ट्रॉली-व्हॅक बाजारात आणले. पण तेही अवजड आणि महाग, श्रीमंतांच्याच घरी शोभणारे. इकडे अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार होता. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडूने उडणारी धूळ त्याला सोसवत नसे. त्याने पंख्याची मोटार, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा एकत्र जोडून एक उभे यंत्र तयार केले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याचा हक्क विकत घेणारे विल्यम हूवर हे चामड्याच्या वस्तू बनवीत. मोटारगाड्या येऊ लागल्याने घोड्याच्या खोगिराचा धंदा बसणार हे त्यांनी ओळखले होते. पुढे इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही घर झाडण्याच्या क्रियेला हूवरचेच नाव पडले. बूथ यांच्या कंपनीने व्हॅक्यूम क्लीनर हे नाव तरी आपल्याकडे राखण्यासाठी दावा केला होता. पण ते शब्द वस्तूचे वर्णन करणारे आहेत, कोणा एकाच्या मालकीचे नव्हेत, असे १९०७ मध्ये न्यायालयाने ठरविले. शोध गेला, नावही गेले.

तथापि या पराभवाला दुसरी बाजू आहे. स्पँग्लरचे यंत्र हलके होते, कारण त्याची ओढ कमी होती आणि ते घरातल्या रोजच्या धुळीपुरते बेतलेले होते. बूथ यांचे यंत्र ओढीत श्रेष्ठ, पण जिना चढू न शकणारे. बळ हवे तर वजन वाढते, वजन कमी करावे तर बळ घटते. या दोहोंमधला तोल बूथ यांना साधला नाही, आणि बुऱ्हाणपुरातील आपल्या तरुणाला नेमका तोच साधायचा आहे.

त्याची अडचण बूथ यांच्याहून एका पायरीने अधिक आहे, कारण त्याला कोरडी धूळ नव्हे तर पाणी ओढायचे आहे. पाणी मारून मळ सैल करायचा आणि लगेच ओढून घ्यायचा, हे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. यात खरी जोखीम मळ राहण्याची नसून पाणी राहण्याची असते. गादीच्या फोममध्ये पाणी मुरले तर वरचे कापड वाळल्यावरही आतला ओलावा मळ वर आणतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी वलये उमटतात आणि कुबट वास येऊ लागतो. सुती कापडाला हा धोका विशेष. व्हिस्कोजच्या मखमलीचे तंतू ओले झाले की मान टाकतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. अशा कापडावर हे यंत्र चालवूच नये. म्हणून सोफ्यासाठी पंपाचा दाब कमी करता येणारे यंत्र घ्यावे. गालिच्यासाठी शेकडो पौंडांचा दाब चालतो. बैठकीच्या कापडाला पन्नास ते शंभर पुरे. दाबाचा मोठा आकडा दाखवून विकलेले यंत्र सोफ्याच्या कामात उलट नडते.

जागेचाही विचार हवा. पाणी तापविण्याची सोय असलेले यंत्र उत्तम काम करते, परंतु दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर वीज घेतो आणि घरातला साधा सहा अँपिअरचा सॉकेट तेराशे ऐंशी वॅटच्या पुढे झेपत नाही. जुन्या वाड्यांत सोळा अँपिअरचा सॉकेट दिवाणखान्यात मिळेलच असे नाही, तेव्हा हीटर वेगळा बंद करता येतो की नाही हे आधी पाहावे. नळीची लांबी हीही मोहाची बाब आहे. यंत्र अंगणात ठेवून लांब नळीने वर काम करावे असे वाटते, पण नळी जितकी लांब आणि अरुंद तितका हवेचा प्रवाह मंदावतो. बूथ यांना शेकडो फुटांची नळी परवडली, कारण तिच्या टोकाला अख्खे इंजिन होते. हातात उचलायच्या यंत्राला पंधरा ते पंचवीस फूट योग्य.

आणि पाणी. बुऱ्हाणपूरची पाण्याची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी उताराच्या जोरावर शहरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची भुयारे खोदली गेली, आणि पंप नाही, मोट नाही अशा त्या व्यवस्थेचे पाणी चारशे वर्षांनंतरही वाहते आहे. पण त्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे जाड थर चढले आहेत. जे पाणी दगडावर पुटे चढवते ते यंत्राच्या बारीक तोटीत आणि हीटरच्या नळीत काय करील हे सांगायला नको. भूजल वापरणाऱ्याने तोटी सहज सुटणारी, पंपाच्या तोंडाशी गाळणी असलेली आणि सुटे भाग जवळच्या शहरात मिळणारी यंत्रेच पाहावीत, आणि अधूनमधून सौम्य आम्लाचे पाणी त्यातून फिरवावे. आपल्या गोव्यात प्रश्न उलटा आहे. निमाड-खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात धुतलेला सोफा काही तासांत वाळतो. आपल्याकडे आषाढात तो तीन दिवस ओला राहील आणि चौथ्या दिवशी त्यावर बुरशी धरेल. तेव्हा येथील व्यावसायिकाने टाकी लहान चालेल, हीटर नसला तरी चालेल, पण ओढ तगडी आणि सोबत वाळवण्याचा पंखा, असा हिशेब करावा.

बूथ यांचे उत्तरायुष्य सफाईत संपून गेले नाही. ते मूळचे बांधकामाचे अभियंता होते आणि तसेच राहिले. कंपनीचा जम बसत असतानाच स्कॉटलंडमध्ये लॉख एटिव्हवरील कॉनेल फेरीच्या पोलादी रेल्वे पुलाच्या उभारणीची देखरेख त्यांनी केली. घरगुती बाजार हूवरकडे गेल्यावर त्यांच्या कंपनीने कारखाने, इस्पितळे, मोठ्या इमारती यांसाठी लागणाऱ्या यंत्रांवर भर दिला. घरगुती यंत्रे तिने पुढे गॉब्लिन या नावाने विकली. सकाळी आपोआप चहा करून देणारे टीझमेड यंत्र त्याच नावाखाली घरोघरी पोहोचले. मोठे काम मोठ्या यंत्राने करावे ही बूथ यांची मूळ श्रद्धा अशा रीतीने टिकली. १४ जानेवारी १९५५ रोजी लंडनजवळ क्रॉयडन येथे, ८३ वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले.

काचेच्या नळीची त्यांची युक्ती मात्र जशीच्या तशी चालत आली आहे. सोफे धुण्याच्या चांगल्या हाती तोटीचे डोके आजही पारदर्शक असते. कारागीर ती कापडावरून सावकाश मागे ओढतो, आधी काळे, मग करडे, मग जवळजवळ नितळ पाणी त्यातून धावताना दिसते, आणि काम केव्हा थांबवायचे हे त्याला आणि शेजारी उभ्या घरमालकिणीला एकाच वेळी कळते.